गुणवत्ता बचाव मोहीम, सदस्यसंख्या एक

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ५.४०

पाचला उठायचं ठरलं होतं. चाळीस मिनिटं उशीर. पण पहिला दिवस संकल्पाचा असतो, घड्याळाचा नसतो.

आजपासून रोज लिहिणार. कुणी वाचावं म्हणून मुळीच नाही. उद्या विद्यापीठाचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा एक तरी माणूस जागा होता, एवढं त्यात यावं म्हणून.

प्रकरण असं. डीननं परिपत्रक काढलंय. यंदापासून पहिल्या वर्षाच्या चाळीस जागा ‘पर्यायी प्रवेश चाचणी’नं भरणार. ज्यांच्या शाळेत शिक्षक नव्हते, पुस्तकं नव्हती, ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, अशांसाठी. त्यांच्या मार्कांकडे बघायचंच नाही म्हणे. वेगळा पेपर घ्यायचा आणि त्यांची ‘शिकण्याची क्षमता’ मोजायची. म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचं आणि किती वेळ गटांगळ्या खातो त्यावर पदक द्यायचं.

(वाक्य झकास. लेखात वापरणे.)

त्या समितीवर मी आहे. सव्वीस वर्षं तर्कशास्त्र शिकवतोय. डीन मला टरकतो, हे उघड आहे. हेडक्लार्क म्हणाला, चौघांनी नाही म्हटलं, मग तुमचं नाव घातलं. हेडक्लार्क लोकांना आतलं राजकारण कळत नाही.

मोहीम : दहा हजार शब्दांचा लेख. शीर्षक ‘गुणवत्तेची हत्या’. रोज पाचशे शब्द. वीस दिवसांत चाचणीचा बाजार उठलेला असेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शीर्षक बदललं. ‘गुणवत्तेचा खून’. हत्या जरा मवाळ वाटत होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

परत ‘हत्या’. खून पोलिसी वाटतो. शीर्षक पक्कं झालं की अर्धा लेख झाला म्हणून समजावं. म्हणजे पाच हजार शब्द झाले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

समितीची पहिली बैठक. चाचणी तयार करणाऱ्या बाई आल्या होत्या. वय माझ्या निम्मं, पायात कॅनव्हासचे बूट, हातात हेल्मेट. मी मनातल्या मनात कसोटीबाई असं नाव ठेवलं. फळ्यावर त्यांनी चक्क एक बादली काढली. म्हणाल्या, मार्क सांगतात शाळेनं बादलीत किती ओतलं. आपल्याला बघायचंय, ओतलं तर किती मावतं. म्हणून पेपरात आधी चार पानांचा नवा धडा द्यायचा, सगळ्यांनाच अनोळखी, आणि प्रश्न त्या धड्यावरच विचारायचे.

मी विचारलं, बादली गळकी निघाली तर?

कुणी हसलं नाही. समितीत विनोदबुद्धीची बोंब आहे. बाई म्हणाल्या, गळकी आहे की कुणी नळाखाली धरलीच नाही, तेच तर बघायचंय सर. मी मोठ्या मनानं सोडून दिलं. डीन मोबाइलमध्ये होता.

रात्री जेवताना घरी सांगितलं. ही ‘हं’ म्हणाली. ही म्हणजे बायको. हिच्या ‘हं’चे सात प्रकार आहेत, हा चौथा. ताई मात्र एकदम विचारती झाली, फॉर्म कुठे मिळतो?

ताई माझी थोरली बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे अठ्ठावन्न. भाऊजी गेल्यापासून चार वर्षं आमच्या मागच्या खोलीत असते. हॉस्पिटलच्या लिनन रूमची इनचार्ज आहे. चादरी, टॉवेल, ऑपरेशनचे गाऊन. एवढाच पसारा. तिच्या हाताखालच्या कुणासाठी तरी विचारत असणार. मी म्हटलं, ताई, असल्या लोकांना भरीला घालू नये. वाईट वाटतं नंतर त्यांना.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेखाचा पहिला परिच्छेद झाला! एकशे चाळीस शब्द. ‘मी स्वतः कोणत्याही सवलतीविना, केवळ स्वतःच्या हिमतीवर, रोज आठ किलोमीटर सायकल हाणत शिकलो...’

संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवला. ही स्वयंपाकघरात निघून गेली; भावना अनावर झाल्या असाव्यात. ताईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, सायकल कुणाची होती रे बाळ्या?

आता तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर सायकल ताईची होती. आठवीत पहिली आली म्हणून मामानं दिलेली. पण त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली, घरात कुणीतरी हवं होतं, ताई घरी राहिली. बिनवापराची सायकल गंजून जाण्यापेक्षा पुढे मी वापरली. यात सवलत कुठे आली? शिवाय ताईला शाळेची तशी आवड नव्हती. रडायची खूप, पण ती लहानपणापासूनच हळवी.

उलट अडचण मला होती. मी शाळेतून आलो की ताई माझी पुस्तकं घेऊन चुलीपाशी बसायची. गणितं सोडवून ठेवायची. मला माझीच वही वेळेवर मिळायची नाही. तरी मी पहिला यायचो! हा मुद्दा लेखात घालावा काय?

नको. आत्मस्तुती वाटेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कहर.

फॉर्म ताईला स्वतःसाठी हवा होता.

पन्नासाव्या वर्षी तिनं बाहेरून शालान्त परीक्षा दिली होती, चव्वेचाळीस टक्के मिळाले होते. तेव्हा मी तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं. कौतुक केलं की माणसं चेकाळतात. आज जेवण झाल्यावर भरलेला फॉर्म माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, तू रोज जातोस, देऊन टाकशील का?

मी हसलो. प्रेमानंच. ही हसली नाही. मी ताईला समजावलं, या वयात तुला हवंय तरी काय? दोन वर्षांत रिटायर होशील, आराम कर. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती, हॉस्पिटलात घालतात तशा, तीन पदरी, कडा आत. म्हणाली, वर्गात बसायचंय.

बस. एवढंच. अभ्यासाचं नाव नाही, विषयाचं नाव नाही. वर्गात बसायचंय! मग सिनेमाला जा, तिथेही बसायला मिळतं.

फॉर्म घेतला. काय करणार, रक्ताचं नातं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फॉर्म डिपार्टमेंटच्या टेबलाच्या खणात आहे. अडवलाय असं नाही. विचार करतोय.

पहिलं विधान : जे नापास होतात त्यांना दुःख होतं. दुसरं विधान : ताई नापास होणार. निष्कर्ष : ताईला दुःख होणार. भावाचं कर्तव्य काय? सव्वीस वर्षांत इतका निर्दोष युक्तिवाद मी वर्गातसुद्धा केलेला नाही.

सहज फॉर्म चाळला. ‘शिक्षण खंडित होण्याचे कारण’ या रकान्यात तिनं लिहिलंय, ‘घरी गरज होती.’ लाल पेन हातात होतं. तीन शब्दांत कारण पूर्ण होत नाही. कोणाची गरज, कशाची, काहीच नाही. पण खोडण्यासारखंही काही सापडेना. परत खणात ठेवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उठलो साडेसातला. लेख : एकशे चाळीस शब्द. दर्जा टिकून आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

फॉर्म द्यायची शेवटची तारीख. खिडकी पाचला बंद.

पावणेपाचला मी फॉर्म घेऊन खरंच निघालो होतो. हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. जिन्यापर्यंत गेलो. तिथे आठवलं की चष्मा टेबलावर राहिला. चष्म्याशिवाय खिडकी सापडली नसती. परत आलो, चष्मा नाकावरच होता. तोवर पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. नियम म्हणजे नियम.

घरी आल्यावर ताईनं विचारलं, दिलास? मी म्हटलं, झालं काम. आता हे खोटं नाही. शुक्रवार होता, आठवड्याचं काम झालंच होतं.

रात्री जेवताना अर्ध्यातून उठलो. कॅन्टीनचं तेल.

१० मार्च, सोमवार

ताईला हॉलतिकीट आलं.

आलं म्हणजे आलं. शिक्का, सही, बैठक क्रमांक, फोटोत ती हॉस्पिटलच्या निळ्या कोटात. चहाच्या कपाशेजारी ठेवलं होतं. मी वाचलं, पुन्हा वाचलं. माझा खण शनिवारीच मी स्वतः बघितला होता, फॉर्म आतच होता.

ताई पोळीवर तूप लावता लावता सांगू लागली की फॉर्म दोन भरले होते. एक ड्यूटी संपल्यावर एकोणीस तारखेला स्वतः खिडकीवर देऊन आली. तुमचा हेडक्लार्क फार चांगला माणूस आहे, पाणी दिलं त्यानं. तुला दिला तो जास्तीचा.

मी विचारलं, मग मला दिलास कशाला?

म्हणाली, बघायचं होतं.

काय बघायचं होतं ते सांगितलं नाही. पोळी माझ्या ताटात वाढली आणि कामावर गेली. विद्यापीठाची टपालव्यवस्था तपासायची असेल. हॉस्पिटलवाल्यांना दर गोष्टीची दोनदा खात्री करून घ्यायची सवयच असते. एकाच उमेदवाराचे दोन फॉर्म, हे खरं तर नियमबाह्य आहे. मी आक्षेप घेऊ शकतो. पण मग दुसरा कुठाय असं विचारतील.

संध्याकाळी हिनं माझा चहा केलाच नाही. मायग्रेन असावं.

१२ मार्च, बुधवार

आज रंगीत तालीम. कसोटीबाईंची कल्पना : खऱ्या परीक्षेआधी समितीच्या सातही जणांनी एक नमुना पेपर सोडवायचा. नाव नाही, फक्त नंबर. मला सात नंबर आला.

नव्वद मिनिटांचा पेपर मी अठरा मिनिटांत भिरकावला. आधीचा चार पानांचा धडा हवामानाचा नकाशा कसा वाचावा यावर होता. तो मी वाचला नाही. धडे कच्च्या लोकांसाठी असतात. शेवटचा प्रश्न : ‘धड्यात मुद्दाम एक चूक ठेवली आहे. ती शोधा व का चूक आहे ते दोन वाक्यांत लिहा.’ मी लिहिलं, ‘चूक एकच : ही परीक्षा.’ दोन वाक्यांची जागा होती, मला चार शब्द पुरले.

बाहेर येऊन सगळ्यांच्या आधी चहा घेतला. त्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

१७ मार्च, सोमवार

निकाल लागला. बोर्डावर. पन्नासपैकी.

सात नंबरला सतरा. सगळ्यांत कमी चौदा, तो नंबर डीनचा. तो फोन आला म्हणून अर्ध्यातून उठून गेला होता, आणि परत आलाच नाही.

कारणं :
पेपर सदोष.
अक्षर बारीक.
वातावरणाचा दाब हा माझा विषय नाही.
कदाचित सात आणि एक या आकड्यांची गल्लत. कुणीतरी एकला सात वाचलं. एक नंबरला एकेचाळीस आहेत, ते माझे वाटतात.

एक नंबर हेडक्लार्कचा निघाला. बैठकांचं टिपण तो करतो म्हणून त्यालाही बसवलं होतं म्हणे.

फेरतपासणी मागितली. कसोटीबाईंनी माझा पेपर समोर धरला आणि हळूच विचारलं, सर, तुम्ही धडा वाचलाच नाही का? मी म्हटलं, त्याची गरज भासली नाही. त्यांनी लगेच वहीत काहीतरी टिपून घेतलं. माझं वाक्य कुठेतरी उद्धृत करणार, दुसरं काय.

२७ मार्च, गुरुवार

ताई हल्ली पहाटे उठून वाचते. काहीही. औषधाच्या पुडीतला कागद, वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक, माझ्या कपाटातली तर्कशास्त्राची प्रवेशिका. पेन्सिल ओळीखालून फिरवत जाते, मग पुस्तक मिटून स्वतःशीच पुटपुटते. मी म्हटलं, ताई, या चाचणीला तयारी करता येत नाही, तसंच डिझाइन आहे तिचं. म्हणाली, तयारी कुठे करत्येय, चटक लागलीय.

आज विचारत होती, ‘व्याप्ती’ म्हणजे काय ते नीट सांगशील का? मी पाऊण तास सांगितलं. ती उठून आत गेली आणि मीठ टाकायला विसरलेली भाजी नीट करून आली. मग म्हणाली, पुस्तकात सोपं आहे रे.

पुस्तकं उथळ असतात.

६ एप्रिल, रविवार

परीक्षा. मी पर्यवेक्षक. मी मागूनच घेतलं ते काम. शत्रू जवळून बघावा.

दोनशे अकरा उमेदवार. काय एकेक नग! एकाच्या कानाच्या पाळीला पीठ, बेकरीतून थेट आलेला. एक बाई पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढत होती, आणि टोकाचा कचरा रुमालात गोळा करत होती, जणू बेंच तिच्या आईचा. एकजण उत्तरपत्रिकेला नमस्कार करून बसला. हे आमचे उद्याचे पदवीधर.

ताई चौथ्या रांगेत. हॉस्पिटलचे पांढरे बूट. रात्रपाळीवाल्या बाईनं सुट्टी घेतली म्हणून सकाळी सहापर्यंत ड्यूटी करून आली होती. पहिली चाळीस मिनिटं तिनं काही लिहिलं नाही. नुसती वाचत होती. धडा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर होता. तो संपला की पुन्हा पहिल्या पानापासून. पंचवीस-तीस लोकांना माहीत होतं ती माझी बहीण आहे म्हणून. कोरा पेपर दिला तर नाव कुणाचं जाणार?

आता जे झालं ते स्वच्छ लिहितो. मी तिच्या बेंचजवळ गेलो, खाली वाकलो आणि अगदी हलक्या आवाजात म्हटलं, ताई, तिसऱ्याचं ब.

तिनं पेपरावर हात ठेवला. वर बघितलं. आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, सर, तुम्ही पुढे व्हा.

सर! मला!

दोनशे दहा माना वळल्या. कसोटीबाई दारातच होत्या. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि उरलेला वेळ मी कॉरिडॉरमध्ये अग्निशामक नळकांड्याशेजारी उभा राहून काढला. त्यावरच्या सूचना वाचल्या. चौथी सूचना व्याकरणदृष्ट्या चूक आहे.

७ एप्रिल, सोमवार

प्रकरण वाटलं त्याहून चिघळलंय. नियम असा : पर्यवेक्षकानं मदत केली असेल तर उमेदवाराचा पेपर बाद. उमेदवारानं मदत मागितली नव्हती आणि घेतलीही नाही, असं पर्यवेक्षकानं स्वतः लेखी दिलं तरच पेपर तपासायचा. मुदत बुधवार दुपारी बारा.

शिवाय बाईंनी विचारलं, त्या तुमच्या कोण? मी म्हटलं, परिचयाच्या. मग त्या म्हणाल्या, हेडक्लार्क सांगत होते सख्ख्या बहीण. मी म्हटलं, बहिणीचा परिचय असतोच.

नातेवाईक परीक्षेला बसत असेल तर समितीला आधी कळवायचं असतं. ते मी केलं नव्हतं. तेव्हा ती बसेल असं मला वाटलंच नव्हतं, कारण फॉर्म खणात होता. हे कारण कुठेही देता येणार नाही असं लक्षात आलं.

८ एप्रिल, मंगळवार

निवेदनाचे मसुदे.

पहिला : ‘मी उमेदवाराजवळ घसा साफ केला. त्या आवाजाचा कुणाला ब असा भास झाला असावा.’

दुसरा : ‘मी प्रश्नपत्रिकेची छपाई तपासत होतो.’

तिसरा : ‘परीक्षेची विश्वासार्हता पडताळण्यासाठी मी एक नियोजित प्रयोग केला.’ हा बरा आहे. पण कसोटीबाई विचारतील, नियोजन कुठाय?

चौथा चार पानांचा झाला. ऐतिहासिक पार्श्वभूमीपासून सुरुवात. लेखापेक्षा मोठा. त्यात घटना आलीच नाही.

ताई काहीच विचारत नाही. कालही नाही, आजही नाही. संध्याकाळी माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला, रोजच्यासारखा. ओरडली असती तर उत्तर तयार होतं माझ्याकडे.

९ एप्रिल, बुधवार. सकाळी ९.१५

सकाळी ही आली आणि टेबलावरचे चारही मसुदे उचलून पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात घातले. म्हणाली, अहो, ताईंनी आयुष्यात तुमच्याकडे दोन गोष्टी मागितल्या. फॉर्म द्यायला सांगितला होता, एक. मी म्हटलं, आणि दुसरी? म्हणाली, पुढे व्हा म्हणाल्या ना परवा, ती.

मग हिनंच कोरा कागद घेतला आणि लिहिलं : ‘मी उमेदवाराची सख्खा भाऊ आहे हे समितीला सांगितले नाही. परीक्षेत मी आपणहून त्यांना एक उत्तर सांगितले. त्यांनी ते मागितले नव्हते व मला जायला सांगितले.’

‘उमेदवाराची’ नव्हे, ‘उमेदवाराचा’ सख्खा भाऊ, एवढी दुरुस्ती मी केली. बाकी भाषा फारच बाळबोध होती, पण वेळ नव्हता. सही केली.

दुपारी ११.५०

दिलं. जिन्यानं गेलो. खिडकी चष्म्याशिवायही दिसली असती, चांगली मोठी आहे. हेडक्लार्कनं पाणी दिलं. मी प्यायलो. कसोटीबाईंनी कागद वाचला, घडी केली आणि म्हणाल्या, थँक्यू सर. पुढे काहीतरी बोलतील म्हणून मी उभा होतो. त्या पुढचा कागद बघायला लागल्या.

रात्री

संध्याकाळी डीनचा मेल आला : समितीतून आपणांस मुक्त करण्यात येत आहे. माझ्या मनात राजीनाम्याचं होतंच. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या, एवढंच.

तिसऱ्याचं उत्तर ड होतं.

२२ एप्रिल, मंगळवार

लेख आता मोकळेपणानं लिहिता येईल. समितीवर नाही म्हणजे हात बांधलेले नाहीत. पहिला परिच्छेद पुन्हा वाचला. सायकलीचं वाक्य काढलं. मग ‘केवळ स्वतःच्या हिमतीवर’ एकटंच लोंबकळायला लागलं, तेही काढलं. नव्वद शब्द राहिले.

संपादन हीच खरी कला.

५ मे, सोमवार

निकाल. पात्रता तीस. ताईला पन्नासपैकी छत्तीस. चाळिसांत तिचा नंबर तेविसावा. म्हणजे काही मोठे दिवे लावले नाहीत. पहिली आली असती तर गोष्ट वेगळी.

ती फोनवर निकाल बघत होती तेव्हा मी मुद्दाम पेपर वाचत बसलो होतो. बघितलं तर ती खिडकीपाशी उभी, फोन छातीशी धरून, पाठ माझ्याकडे. खांदे हलत होते. ही तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. मी पेपरचं पान उलटलं. तेही उलटंच उलटलं गेलं.

मग ताई माझ्याकडे आली. मला वाटलं, आता फॉर्मचं निघणार, ब चं निघणार. मी उत्तरं जुळवत होतो. ती म्हणाली, बाळ्या, ते निवेदन दिलंस ना, जमलं तुला. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बालवाडीतल्या पोराला शी-शू सांगता आली म्हणून फिरवतात तसा.

काय जमलं? तीन ओळी. त्याही हिच्या.

तरी लेखाचं काम आज होऊ शकलं नाही.

१२ मे, सोमवार

ताईला मार्गदर्शनाची गरज लागणार. दर शनिवारी दोन तास शिकवायचं ठरवलंय. वेळापत्रक केलं, रंगीत पेननं, सोळा आठवड्यांचं. तिला दाखवलं. छान काढलंयस, म्हणाली. शनिवारी त्या चाळीस जणांपैकी सहा-सातजण एकत्र जमणार आहेत म्हणे, बेकरीवाल्याच्या घरी. त्याचं घर मोठं आहे.

मला बोलावलंय का, असं विचारणार होतो. मग म्हटलं, उगाच त्यांच्यावर दडपण.

२ जून, सोमवार

ताईनं कॉलेजसाठी सकाळपाळी सोडून कायमची दुपारपाळी घेतली. लिनन रूमच्या बायकांनी तिला दप्तर शिवून दिलं, ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या कापडाचं. भयंकर दिसतं. मी माझी जुनी चामडी बॅग देऊ केली. म्हणाली, राहू दे रे, तुझ्या नावाची अक्षरं आहेत त्यावर.

लेख रद्द. काळ प्रतिकूल आहे. त्याऐवजी एक पुस्तकच लिहावं. चारशे पानं. शीर्षकावर विचार सुरू.

१६ जून, सोमवार. सकाळी ११.२०, स्टाफरूम

टर्मचा पहिला दिवस. माझा तास दीडला होता, तरी सकाळीच ताईबरोबर निघालो. पहिल्या दिवशी माणूस बावचळतं, इमारती मोठ्या, ओळखीचं कुणी नाही. मी बरोबर असलो की चार लोक नमस्कार करतात, तिला धीर येईल. वाटेत तिला कुठल्या प्राध्यापकाकडे दुर्लक्ष करायचं ते सांगत होतो. ती भराभरा चालत होती. मी दोन वाक्यं मागे पडलो.

गेटवर सुट्टीत नवं यंत्र बसवलंय. कार्ड टेकवायचं, मग दांडा फिरतो. गार्डही नवा, नव्या एजन्सीचा. ताईनं दप्तरातून कार्ड काढलं, टेकवलं, आत गेली. मी खिसे चाचपले. सव्वीस वर्षांत मला कुणी कार्ड विचारलेलं नाही. ते घरी कुठल्यातरी खणात असेल.

मी म्हटलं, मी इथे तर्कशास्त्र शिकवतो. गार्ड म्हणाला, काका, सकाळपासून तीन जण शिकवतात म्हणून आत जाऊ बघतायत, बाजूला उभे राहा. मागे रांग लागली होती. बेकरीवाला होता त्यात, त्यानं मला ओळखलं आणि सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

ताई परत फिरली. दांड्यावरून हात पुढे करून गार्डला कार्ड दाखवलं आणि म्हणाली, हे माझ्यासोबत आहेत. गार्डनं लगेच ‘बरं मॅडम’ म्हणत एक रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. विद्यार्थ्यांसोबत आलेल्यांसाठी.

नाव लिहिलं. विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक ताईनं सांगितला, तिला पाठ होता. नातं : भाऊ. कामाचं स्वरूप. इथे मी थांबलो. पेन दोरीनं बांधलेलं होतं, दोरी आखूड होती. गार्ड म्हणाला, काका, लवकर. लिहिलं : बहिणीला सोडायला.

गळ्यात अडकवायला कागदी पास मिळाला. अभ्यागत. ताई म्हणाली, येते रे, पहिलाच तास आहे, आणि गेलीसुद्धा.

पासची मुदत एक वाजेपर्यंत आहे. माझा तास दीडला.